नानीची मांडी

नातीचे चाळीस दिवस झाले आणि घरात परत पाठवणीची गडबड सुरू झाली. जावई पुण्याहून गाडी घेऊन आले होते. मेहकरहून समृद्धीवर चढायचे, जालन्याला उतरायचे, मग पुढे पुणे. थांबत-थांबत सात-आठ तासांचा प्रवास. लेकीची घडी बसवून द्यायला आठवडाभर आम्हीही जाणार होतो. बाळ कुठे बसणार, हा प्रश्न आमच्या मनात आलाच नव्हता. नानी सोबत असताना बाळ दुसरीकडे कुठे बसणार?

लेक म्हणाली, "अम्मी, सीट आणल्याशिवाय मी निघणार नाही."

घरात थोडी नाराजी झाली. आमच्या सासूबाई, म्हणजे बाळाची पणजी, म्हणाल्या, "एवढ्याशा जिवाला बांधून नेणार? आम्ही पाच लेकरं मांडीवर वाढवली. अल्लाह निगहबान आहे." लेकीने हळूच त्यांना उंटाच्या दोरीची आठवण करून दिली. आधी उंट बांधा, मग तवक्कुल करा, हे लहानपणी तिला त्यांनीच शिकवले होते. सासूबाई हसल्या, पण पटल्यासारख्या दिसल्या नाहीत. खरे सांगायचे तर आम्हालाही पटले नव्हते. हीच लेक दीड वर्षाची असताना आम्ही दोघांनी तिला स्कूटरवर मध्ये बसवून गावोगाव फिरवले होते.

आम्ही भाषेचे शिक्षक. म्हणून शाळेतल्या विज्ञानाच्या सहकाऱ्यांना विचारले की, मांडीवर घट्ट धरले तर काय बिघडते? त्यांनी खडू घेतला आणि फळ्यावर हिशेब मांडला. ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी धडकून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर चार किलोचे बाळ त्या क्षणी पन्नासहून अधिक किलोंच्या जोराने पुढे ओढले जाते. म्हणजे सिमेंटचे एक पोते हातातून निसटल्यासारखे. ते दोन हातांनी कोण धरणार? आणि हा हिशेब ताशी ५० चा. समृद्धीवर कारला ताशी १२० पर्यंत परवानगी आहे. वेग दुप्पट झाला की धडकेतली ऊर्जा चौपट होते. त्या दिवशी घरी परतताना आम्ही आपल्या हातांकडे पाहत होतो.

आपल्या जिल्ह्याला या रस्त्याबद्दल वेगळे सांगायला नको. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी हा टप्पा सुरू झाला आणि १ जुलै २०२३ च्या मध्यरात्री सिंदखेडराजाजवळ पिंपळखुटा शिवारात बस उलटून पेटली, २५ जीव गेले. ती आग होती, तिथे बाळाच्या सीटचा संबंध नव्हता. पण तेव्हापासून घरातले कोणी समृद्धीवर निघाले की सफरची दुआ जरा जास्त मनापासून म्हटली जाते.

मागच्या सीटवर धोका नसतो, हा आणखी एक समज. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. ते मागेच बसले होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली. तेव्हापासून १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा मुलांची सीट न लावता गाडीतून नेले तर १००० रुपये दंड आहे. तो दंड कुणी भरल्याचे आम्ही अजून ऐकलेले नाही, हा भाग वेगळा.

सीट घ्यायला आम्ही एका मोठ्या दुकानात गेलो. विक्रेत्याने रंग दाखवले, गादी दाबून दाखवली, "एक ते दहा वर्षं चालते" असे सांगून एक सीट पुढे केली. चाळीस दिवसांच्या बाळासाठी! लेकीने ती उलटी करून मागची पट्टी वाचली. बघायचे ते तिथे. चाचणीत उतरलेल्या सीटवर गोलात इंग्रजी ई अक्षराची खूण असते आणि किती वजनासाठी किंवा उंचीसाठी ती आहे हे लिहिलेले असते. आम्ही शून्य ते १८ किलोची घेतली. १३ किलोंपर्यंत बाळाचे तोंड गाडीच्या मागच्या काचेकडे ठेवता येते, त्यानंतर पुढे. तान्ह्याचे डोके जड आणि मान कोवळी; धडक बसली तर मागे तोंड असताना सगळा भार सीटच्या पाठीवर पसरतो, नाहीतर मानेला हिसका बसतो. साडेसात हजार लागले. त्यातले बरेचसे अकीक्याला पाहुण्यांनी दिलेल्या पाकिटांतून निघाले. एका बाळाला चांदीच्या वाळ्यांचे चार-चार जोड येतात. पुढच्या वेळी आम्ही तरी सीटसाठीच पाकीट देणार. कुणाची वापरलेली सीट मिळाली तर घ्या, पण ती अपघातातून गेलेली नाही याची खात्री त्या घरच्यांनी दिली तरच.

खरी फजिती पुढेच झाली. नव्या गाड्यांत सीट अडकवायला मागे लोखंडी कड्या असतात, आयसोफिक्स म्हणतात त्यांना. जावयांची गाडी जुनी, तेव्हा गाडीच्या पट्ट्यानेच बांधायची. सासूबाईंना बाळाचे तोंड दिसावे म्हणून आम्ही सीट पुढे तोंड करून ठेवली, पट्टा तांबड्या खुणांतून ओवला आणि कामगिरीवर खूश झालो. लेक पुस्तिका घेऊन आली. तांबड्या खुणा पुढे तोंड करण्यासाठी, निळ्या मागे तोंड करण्यासाठी. सगळे सोडून पुन्हा सुरुवात. सीटवर गुडघा टेकवून भार द्यायचा आणि पट्टा ओढायचा. मग पट्टा ज्या जागेतून जातो तिथे धरून हलवून पाहायचे. एक इंचापेक्षा जास्त हलली तर पुन्हा. आमची तिसऱ्या खेपेला बसली, घाम निघाला.

बाळाच्या अंगावरचे पट्टे मागे तोंड असताना खांद्याच्या रेषेत किंवा किंचित खाली यावेत आणि खांद्यापाशी पट्ट्याची चुणी चिमटीत धरता येऊ नये. दुपटे, दुलई पट्ट्याच्या आत नको, वरून घाला. पुढच्या सीटवर एअरबॅग असेल तर मागे तोंड केलेले बाळ तिथे कधीच बसवायचे नाही. आपल्याकडच्या उन्हात उभ्या गाडीतले बकल तापते, म्हणून त्यावर ओढणी टाकून ठेवा.

आपल्यातल्या पुष्कळ घरांत स्वतःची गाडी नसते, लग्नाला भाड्याची जीप ठरते, हे माहीत आहे. तेव्हा निदान एवढे करा: बाळ पुढे नको, आईने मागे स्वतःचा पट्टा लावावा आणि त्याच पट्ट्यात बाळाला घेऊ नये, कारण धडकेत आईचा भार बाळावर येतो. ड्रायव्हरला हळू चालवायला सांगायची लाज बाळगू नका. दुचाकीवर चार वर्षांखालच्या मुलासाठी चालकाला बांधायचा पट्टा, नऊ महिन्यांपुढच्याला हेल्मेट आणि ताशी ४० ची मर्यादा, हा नियम फेब्रुवारी २०२२ मध्ये निघाला आहे. आमच्या स्कूटरच्या दिवसांत तो नव्हता, असे म्हणून आम्ही स्वतःला माफ करतो.

प्रवासात नात दोनदा रडली. चालत्या गाडीत तिला उचलून घ्यायला हात शिवशिवत होते, पण घेतले नाही. दर दीड तासाला सोयीच्या जागी थांबून दूध पाजले, पाठ मोकळी केली. तान्ह्याला सलग दोन तासांपेक्षा जास्त त्या सीटमध्ये ठेवू नये. हनुवटी छातीला टेकली तर श्वास अडतो.

आता ती दहा महिन्यांची, साडेआठ किलोंची झाली आहे. सासूबाई दर जुम्म्याला फोनवर विचारतात, "आता तरी तिचं तोंड पुढे केलं का?"

"अजून नाही, दादी. तेरा किलो होऊ द्या."