यक्षिणी जन्माला घातली कोणी?

२८ ऑगस्ट २०२५ रोजी, ओणमच्या तोंडावर, 'लोका : चॅप्टर वन – चंद्रा' हा मल्याळम चित्रपट प्रदर्शित झाला. दिग्दर्शक डॉमिनिक अरुण, निर्माता दुलकर सलमान, नायिका कल्याणी प्रियदर्शन. खर्च सुमारे ३० कोटी. अचाट शक्ती लाभलेल्या नायिकेची जन्मकथा, तीही बाईच्या खांद्यावर उभी. असले चित्रपट आपल्याकडे चालत नाहीत, हा बाजाराचा जुना ठोकताळा. प्रेक्षकांनी तो पार मोडून काढला. चित्रपटाने जगभरात ३०० कोटींच्या घरात धंदा केला आणि तोवरचा सर्वाधिक कमाईचा मल्याळम चित्रपट ठरला. पाठोपाठ तो हिंदीतही आला.

बाजाराने गल्ला मोजला. आम्हाला मात्र या चित्रपटाचे मोल वेगळ्या कारणाने वाटते. अंगाला चिकटलेले कपडे घालून उडणारे अमेरिकी वीर आम्ही पुष्कळ पाहिले. कुणाला कोळी चावतो, कुणी कोट्यधीश असतो. त्यांच्याकडून दोन घटका करमणुकीपलीकडे काही मागावे, असे वाटत नाही. 'लोका'ने न मागता एक प्रश्न पुढे ठेवला : ज्यांना राक्षस, भूत, यक्षिणी म्हटले गेले, ते मुळात कोण होते?

चित्रपटातील चंद्रा ही केरळच्या दंतकथेतील कळ्ळियंकाट्टु नीली आहे. रात्री वाटसरूला अडवायचे, पानाला चुना मागायचा आणि मग त्याचे रक्त प्यायचे, अशी यक्षिणीची ख्याती. कडमट्टत्तु कत्तनार नावाच्या ख्रिस्ती धर्मगुरूने मंत्रसामर्थ्याने नीलीला जेरबंद केले, अशीही कथा आहे. परंतु दक्षिणेकडच्या जुन्या लोकगाथा आणखी मागे जातात. दागिन्यांच्या लोभाने तिच्याच माणसाने तिचा खून केला आणि त्या अन्यायातून नीली उठली, असे त्या सांगतात. खून करणारा विस्मृतीत गेला. भीती उरली ती खून झालेल्या बाईची! ही अदलाबदल कोणाच्या सोयीची होती, हे आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

दिग्दर्शक अरुण आणि सहलेखिका शांती बालचंद्रन यांनी ही कथा आणखी एका निर्णायक ठिकाणी नेली. त्यांची नीली आदिवासी वस्तीतली पोर आहे. जिथे तिच्या माणसांना मज्जाव, त्या मंदिरात पाऊल पडते आणि त्या 'गुन्ह्या'पायी राजाची माणसे वस्तीवर तुटून पडतात. जीव वाचवायला गुहेत शिरलेल्या या पोरीला वटवाघळांच्या दंशातून शक्ती मिळते. कत्तनारही इथे तिला बांधून टाकणारा मांत्रिक राहत नाही, तर तिला वाट दाखवणारा होतो. म्हणजे यक्षिणी जन्माला घातली कोणी? शापाने नव्हे, दैवाने नव्हे. मंदिराच्या उंबरठ्यावर पहारा बसवणाऱ्या व्यवस्थेने!

महाराष्ट्राला ही दृष्टी नवी नाही. महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहून पुराणातील बळीला दैत्याच्या यादीतून बाहेर काढले आणि रयतेचा राजा म्हणून पुन्हा उभे केले. केरळचा ओणम हाही त्याच बळीच्या वार्षिक भेटीचा सण. त्या सणाला पुराणाची उलटतपासणी करणारा चित्रपट यावा आणि लोकांनी तो डोक्यावर घ्यावा, हा योगायोग आम्हाला अर्थपूर्ण वाटतो.

तरीही टाळ्या वाजवून थांबणे आमच्या स्वभावात नाही. चित्रपटाने जातीच्या क्रौर्याला काही शतके मागे ढकलले आहे. वर्तमानात, बंगळुरूत, चंद्राचा सामना अवयवांची तस्करी करणाऱ्या टोळीशी आणि बायकांचा द्वेष करणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याशी होतो. बाईचा शत्रू आजचा आणि जातीचा शत्रू मात्र राजेशाहीतला? प्रेक्षक हळहळतो आणि 'तेव्हा तसे होते' म्हणत निर्धास्त घरी जातो. ही पळवाट लेखकांनी ठेवायला नको होती.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. पडद्यावर वस्ती संपते आणि एकटी पोर उरते. तिला शक्ती मिळते, बाकीच्यांना नुसते मरण. केरळचा खरा इतिहास असा घडलेला नाही. १८९३ साली अय्यंकाळी बैलगाडीत बसून बंदी असलेल्या सार्वजनिक रस्त्याने गेले, तेव्हा त्यांना कोणी चावले नव्हते. १९०७ साली त्यांनी साधुजन परिपालन संघम् स्थापन केला. शाळेचे दार उघडावे म्हणून शेतमजुरांनी कामे बंद ठेवली. १९२४-२५ चा वायकोम सत्याग्रह तर मंदिराभोवतीच्या नुसत्या रस्त्यांसाठी होता! त्रावणकोरच्या सरकारी मंदिरांची दारे १२ नोव्हेंबर १९३६ च्या फर्मानाने उघडली, ती या साऱ्या रेट्यामुळे. आमच्या नाशकात १९३० साली काळाराम मंदिरासमोर हजारो माणसे बाबासाहेबांच्या हाकेने उभी राहिली, तीही साधी माणसेच होती. त्यांची शक्ती एकच, संघटना.

'लोका'च्या पुढच्या भागाची घोषणा २०२५ मध्येच झाली असून त्यात टोव्हिनो थॉमस 'चात्तन'च्या भूमिकेत आहे. तीही केरळच्या लोकपरंपरेतलीच व्यक्तिरेखा. निर्मात्यांना आमचे सांगणे इतकेच : पहिल्या भागात तुम्ही यक्षिणीला तिचे माणूसपण परत दिलेत, त्याबद्दल धन्यवाद. आता तिच्या वस्तीलाही जिवंत ठेवा. आणि आमच्या तरुणांना सांगणे असे की, चित्रपट जरूर पाहा. पण गुहेतल्या वटवाघळाची वाट पाहत बसू नका.