माईक आधी नवरीकडे द्या

मागच्या वर्षी मे महिन्यात आंबोलीला माझ्या खालाच्या मोठ्या मुलीचा निकाह झाला. नवरा कतारला. त्याची रजा ऐन वेळी नामंजूर झाली, म्हणून त्याचा भाऊ वकील म्हणून बसला आणि बाकी सगळे स्क्रीनवर. आम्ही भाऊ इंजिनिअर, त्यामुळे हौसेला तोटा नव्हता. दोन कॅमेरे, भाड्याचा ड्रोन, मुंब्र्यापासून कुवेतपर्यंत दोनेकशे लोकांना लिंक. लोकांनी ड्रोनमधून घाट पाहिला, वऱ्हाडाच्या गाड्या पाहिल्या, बिर्याणीची डेग पाहिली. वकिलाचे ‘कुबूल’ खणखणीत ऐकले. नवरीचे काय झाले? मामू आणि दोन साक्षीदार आतल्या खोलीत गेले, दोन-तीन मिनिटांत बाहेर आले आणि म्हणाले, मुलगी राजी आहे.

रात्री कुवेतहून आपाचा फोन. “सगळं छान दिसलं. पण मेहेर किती ठरला रे?”

मला सांगता आले नाही. शेजारी बसलेल्या तिघांनाही नाही. नवरीलाही आकडा दुसऱ्या दिवशी कागद पाहून कळला.

ऑनलाइन लग्नाच्या शिष्टाचारावर सध्या पुष्कळ सल्ले मिळतात. स्वतःचा माईक बंद ठेवा, नीट कपडे घाला, मागे वाळत घातलेले टॉवेल दिसू देऊ नका. सगळे बरोबर, पण हे पाहुण्यांचे शिष्टाचार झाले. यजमानांचा पहिला शिष्टाचार असा की जिचे लग्न आहे तिचा आवाज ऐकू आला पाहिजे. तो आम्ही पाळला नाही, आणि माझा अंदाज आहे, तुमच्या घरीही पाळला गेला नसेल.

त्या दिवशी आमचा खरा वाद झाला तो काझींशी. नवरा समोर स्क्रीनवर दिसतोय, त्यालाच ‘कुबूल’ म्हणू द्या, वकील कशाला, असा आमचा आग्रह. काझी हलले नाहीत. आम्ही त्यांना जुनाट ठरवले. आता वाटते, ते बरोबर होते आणि मी तरी हे ओळखायला हवे होते. थेट प्रक्षेपण थेट नसतेच, यूट्यूबवर ते काही सेकंद मागे चालते. आवाज तुटतो, चित्र गोठते, हल्ली तर चेहरा आणि आवाज दोन्ही बनवता येतात. साक्षीदाराने नेमकी कशाची साक्ष द्यायची? जेद्दाच्या आंतरराष्ट्रीय फिक्ह अकादमीने 1990 सालीच आधुनिक संपर्कसाधनांवरून केलेले करार मान्य केले, पण निकाह त्यातून वगळला आणि कारण दिले साक्षीदारांचे. दूर असलेल्या माणसाचा निकाह आपल्याला नवा नाही. पैगंबर मदिनेत आणि उम्मे हबीबा हबश्यात असताना त्यांचा निकाह झाला, तो वकिलामार्फत. नजाशीने मेहेर दिला आणि तो किती, याची हदीसमध्ये नोंद आहे : अबू दाऊदमध्ये 4,000 दिरहम. चौदाशे वर्षांपूर्वीचा आकडा आपल्याला ठाऊक आहे आणि आपल्याच बहिणीचा नाही.

2020 च्या टाळेबंदीत औरंगाबादचा मुलगा आणि बीडची मुलगी यांचा निकाह व्हिडिओ कॉलवर झाल्याची बातमी गाजली होती. 2022 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने विशेष विवाह कायद्याखाली अमेरिकेतल्या नवऱ्याशी व्हिडिओवरून लग्न लावायला परवानगी दिली. तिथेही नवऱ्याच्या वतीने सही करण्याचा अधिकार मुखत्यारपत्राने नवरीला दिलेला होता. म्हणजे धर्म असो की कोर्ट, पुरुष लांब असला की आपण किती काटेकोर होतो पाहा. वकालत लेखी हवी, साक्षीदार हवेत, पासपोर्टची प्रत हवी. आणि मुलगी? ती दहा पावलांवर, पलीकडच्या खोलीत बसलेली असते. तिच्यासाठी मान हलवल्याचा निरोप पुरतो.

यावर वडीलधारे लगेच हदीस सांगतात : कुमारिकेचे मौन हीच तिची संमती. खरे आहे. पण ती लाजेला दिलेली सवलत आहे, तोंड बंद ठेवण्याचा हुकूम नव्हे. त्याच हदीसमध्ये आधी तिला विचारा असे आहे, ते कोणी सांगत नाही. खनसा बिन्ते खिझाम यांचे लग्न वडिलांनी मनाविरुद्ध लावले, त्यांनी तक्रार केली आणि पैगंबरांनी ते रद्द ठरवले. ही हदीस बुखारीत आहे. खनसा बोलल्या म्हणून ती आपल्यापर्यंत पोचली.

परपुरुषांनी आवाज का ऐकावा, हा दुसरा आक्षेप. व्हिडिओ नको, मान्य. तिच्या खोलीत कॅमेरा नेऊ नका आणि तिथे बायकांनी काढलेले फोटो ग्रुपवर फिरवू नका. फक्त कॉलर माईक द्या, ड्रोनच्या भाड्यापुढे त्याची किंमत काहीच नाही. हीच मुलगी बँकेत नोकरी करते, दिवसभर परपुरुषांशी बोलते, तेव्हा तिच्या पगाराला कोणाची हरकत नसते.

बाकी तयारी सोपी आहे. आखाती पाहुण्यांना मोजून वेळ द्या : दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे, कुवेत-कतार अडीच. अमिरातीत 2022 पासून शुक्रवारी अर्धा दिवस काम असते, तेव्हा जुम्याच्या दिवशी सकाळी निकाह ठेवून ‘भाई आले नाहीत’ म्हणून रुसू नका. तिथे व्हॉट्सअ‍ॅप कॉल चालत नाही, झूम चालते. यूट्यूबवर पहिल्यांदा लाइव्ह करणार असाल तर परवानगी यायला 24 तास लागू शकतात, आदल्या दिवशी जागे व्हा. आंबोलीत हॉटेलवाल्याच्या वायफायवर विसंबू नका, आम्ही विसंबलो आणि दुआ सुरू असताना सगळे गोठले. आणि स्क्रीनवर आहेरासाठी क्यूआर कोड लावणाऱ्यांना काय म्हणावे, ते मी इथे लिहीत नाही.

ऑनलाइन निकाहाने सगळे संपत नाही, हेही कोणी सांगत नाही. महाराष्ट्रात नोंदणीसाठी नवरा-नवरी दोघांना तीन साक्षीदारांसह निबंधकासमोर हजर राहावे लागते, आणि नोंदणीच्या दाखल्याशिवाय फॅमिली व्हिसाचा कागद पुढे सरकत नाही. नवरा डिसेंबरपर्यंत आलाच नाही. सात महिने खालाची मुलगी विवाहित होती आणि माहेरीच होती. घाईने निकाह उरकू या म्हणताना ‘तो येईपर्यंत थांबायचं का?’ हा प्रश्न तिला कोणी विचारला नव्हता. मला तिने नंतर सांगितले, मी थांबा म्हणाले असते.

तिच्या धाकट्या बहिणीचा निकाह या जानेवारीत त्याच घरात झाला. या वेळी नवरा मांडवात होता, सख्खा भाऊ शारजाला. ड्रोन आणला नाही. काझी तेच होते, माईकचे विचारले तर म्हणाले, “मी कधी नको म्हटलं? तुम्हीच कधी आणला नाहीत.” मामू साक्षीदारांना घेऊन आत गेले आणि बाहेर स्पीकरवर तिचा आवाज आला.

“मेहेर नगद किती आणि उधार किती?”

मांडवात कोणीतरी हसले. मामूंनी आकडे वाचले. तिने ते परत म्हणून दाखवले आणि मग म्हणाली, “मंजूर आहे.” तेवढ्यात शिटी वाजली. कुवेतला आपाने कुकर लावला होता आणि माईक बंद करायला ती विसरली होती.