आईसमोर रॉब रॉय

1 एप्रिल 2015 ला चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो, भद्रावतीत राहत होतो आणि दारू प्यायला तेव्हाच शिकलो. हे वाक्य मुद्दाम असं लिहिलं आहे. बंदीमुळे शिकलो असं मी म्हणत नाही, पण कसं प्यायचं ते बंदीने शिकवलं.

वर्धा नदी ओलांडली की वणी, म्हणजे यवतमाळ जिल्हा. तिकडे सगळं खुलं. दोन बाईक, चार पोरं. उघडलेली बाटली परत आणता येत नाही, कारण ती पुरावा असते. म्हणून ती तिथेच संपवायची. प्लास्टिकचा ग्लास, शेव, आणि मागून गाडीचा उजेड आला की माना वळायच्या. चवीचा विषयच नव्हता. मग त्याच अवस्थेत अंधारातून घरी यायचं, मागच्या दाराने, आईच्या झोपेचा अंदाज घेत.

मे 2021 मध्ये सरकारने बंदी उठवली. दुकानं उघडली, रांगा लागल्या, मोबाईलवर विनोद फिरले. आमची पिण्याची रीत मात्र तशीच राहिली. अजूनही क्वार्टर घेतली की ती संपलीच पाहिजे, अजूनही गाडीच्या आडोशाला, अजूनही दहा मिनिटांत. माझं भांडण या रीतीशी आहे.

त्याआधी एक हिशेब चुकता करू. 'बंदी फसली' असं जे पुरुष आरामात म्हणतात, त्यांच्यात मला बसायचं नाही. ही बंदी वरून पडलेली नव्हती. 2010 मध्ये श्रमिक एल्गारच्या नेतृत्वाखाली हजारो बाया चिमूरहून नागपूरला विधिमंडळावर चालत गेल्या. त्या कुणाची संध्याकाळ बिघडवायला निघाल्या नव्हत्या. त्यांच्या घरातला पगार आणि त्यांच्या पाठी, दोन्ही दारूने फोडल्या होत्या. माझे बाबा कोळसा खाणीत होते. पगाराच्या दिवशी आई दाराशी का उभी राहायची ते मला आठव्या वर्षी कळलं होतं. बंदीने त्या बायांना दिलेलं वचन पाळलं नाही, हे खरं. पण वचन मागणं चूक होतं असं म्हणायला जीभ वळत नाही.

मग मी करतो काय? महिन्यातून दोनदा, शनिवारी, घरी, स्वयंपाकघराच्या ओट्यावर रॉब रॉय बनवतो. हसा. वाचणाऱ्याचं वय पंचवीसच्या आत असेल तर महाराष्ट्रात कायद्याने स्कॉच त्याच्यासाठी नाही, परवान्याचीही अट आहे. तेव्हा कृती नुसती वाचा.

60 मिली स्कॉच, 30 मिली गोड लाल वर्मथ, अँगोस्टुरा बिटर्सचे दोन शिंतोडे. मोठ्या ग्लासात बर्फ घालून लांब चमच्याने अर्धा मिनिट ढवळायचं, हलवायचं नाही. मग गाळून लहान ग्लासात. बर्फाचं वितळलेलं पाणी हा या पेयाचा चौथा घटक आहे. भद्रावतीच्या मे महिन्यात, पारा सेहेचाळीसवर असताना, हा चौथा घटक तुमची वाट पाहत नाही, म्हणून ग्लास आधी फ्रीजरमध्ये ठेवायचा. वर चेरी घालतात. आपल्याकडे बेकरीच्या केकवर जी लाल चेरी असते ती बहुतेक वेळा पाकवून रंगवलेलं करवंद असते. मला त्याचं दुःख नाही. करवंद आपलंच.

वर्मथ ही दारू नव्हे, वाइन आहे: जडीबुटी घालून थोडी कडक केलेली. उघडल्यावर फ्रीजमध्ये ठेवावी लागते, नाहीतर महिन्या-दोन महिन्यांत उतरते. शोकेसमध्ये वर्षभर सजवून ठेवणाऱ्यांनी स्वतःचा शिर्का करून घेतलेला असतो. नाव आलं वेर्मुट या जर्मन शब्दावरून, म्हणजे एक कडू वनस्पती, आर्टेमिसिया कुळातली. त्याच कुळातला आपला दवणा. जोतिबाला वाहतात तो.

आता मापाचं. क्वार्टर म्हणजे 180 मिली. 42.8 टक्क्यांच्या व्हिस्कीत त्यात शुद्ध अल्कोहोल होतं साधारण 77 मिली. माझ्या ग्लासात दोन्ही मिळून तीसच्या आसपास. हे सरबत नाही, एक ग्लास पुरेसा जड आहे, आणि जागतिक आरोग्य संघटना म्हणते की निर्धोक असं कोणतंच प्रमाण नाही. मी आरोग्याचा दावा करतच नाही. मी एवढंच म्हणतो की जे मोजावं लागतं, ढवळावं लागतं, ज्याची भांडी नंतर आपल्यालाच घासावी लागतात, ते दहा मिनिटांत घशाखाली ओतता येत नाही. आणि हेही लिहून ठेवतो की मोजमाप हा माझ्या बाबांवरचा उपाय नव्हता. ज्याला एकावर थांबता येत नाही त्याने चमचा हातात घेऊ नये. त्याला डॉक्टर लागतो.

दुसरं भांडण रील्सवाल्यांशी. कॉकटेल म्हणजे 'क्लास', आणि मोहाची म्हणजे 'गावठी'. थांबा जरा. हे पेय 1894 च्या सुमारास न्यूयॉर्कच्या एका बड्या हॉटेलात जन्मलं आणि रॉब रॉय नावाच्या संगीतिकेवरून त्याला नाव मिळालं. तो रॉब रॉय कोण? अठराव्या शतकातला स्कॉटलंडचा गुरांचा व्यापारी, कर्ज बुडाल्यावर फरार झालेला, गुरं पळवणारा. आणि स्कॉच? 1823 च्या कायद्याने परवाना स्वस्त होईपर्यंत तिथल्या डोंगरांतली कितीतरी स्कॉच ही हातभट्टीचीच होती. सरकारी माणसं भट्ट्या फोडत, लोक रातोरात माल लपवत. म्हणजे आमच्या ताडोब्याच्या कडेच्या गावांत जे चालतं तेच. त्यांना परवाना मिळाला, त्यांचा 'वारसा' झाला. इथे इंग्रजांच्या अबकारीने आदिवासींच्या घरची भट्टी गुन्हा ठरवली आणि स्वातंत्र्यानंतर आपण तीच वही पुढे चालवली. मार्च-एप्रिलच्या पहाटे मोहाची फुलं वेचणाऱ्या गोंड बाईला पोलिसाची भीती, आणि गुरं पळवणाऱ्याच्या नावाचा ग्लास हातात धरून आम्ही सुसंस्कृत. शेजारच्या मध्य प्रदेशाने मोहाच्या दारूला 'हेरिटेज' म्हणायला सुरुवात केली आहे. गडचिरोलीत 1993 पासून बंदी आहे. तिथल्या बायांनीही ती मागून घेतली होती, त्यामुळे हा प्रश्न माझ्या दोन वाक्यांत सुटणारा नाही. पण चव आणि व्यसन यांची वाटणी जात आणि खिसा बघून करू नका, एवढं तरी कबूल करा.

आता खरी गोष्ट. हे सगळं मी आधी वर्षभर आईपासून लपवलं. म्हणजे तत्त्वज्ञान तयार होतं, पण दार लावून. मागच्या दिवाळीनंतर एका शनिवारी ती ओट्याशी आली.

"काय करून राह्यला रे हे?"

मी सांगितलं. सगळं नाव घेऊन सांगितलं. ती काही बोलली नाही. मापाचा छोटा पेला उचलून तिने उजेडात धरला.

"हे भरलं का झालं? की अजून भरतं?"

"एकदाच."

"तुह्या बापानंही हेच म्हटलं होतं."

यावर मला उत्तर नव्हतं, अजूनही नाही. मी तिच्यासमोर ढवळलं, गाळलं. ती खुर्ची ओढून समोरच बसली आणि माझा ग्लास संपेपर्यंत बसून राहिली. पाऊण तास लागला. एवढं अवघड पिणं वणीच्या रस्त्यावरही कधी झालं नव्हतं. मी उठून ग्लास घासला, पालथा घातला. तोवर तिने वर्मथच्या बाटलीचं बूच उघडून वास घेतला होता.

"वेणीतल्या दवण्यासारखा वास येते," ती म्हणाली. मग, "कुठं ठेवतं ही?"

"फ्रिजमध्ये."

"खालच्या कप्प्यात ठेव. वरती मले दही ठेवा लागते."