दिव्यापुढे अंधार

दिवाळीत गाडी काढून गावी जायचे ठरले, की पुष्कळांना आपल्या गाडीचे दिवे एकाएकी मिणमिणते वाटू लागतात. मग कुणीतरी सल्ला देतो, "अहो, ते हॅलोजन काढा आणि एलईडी बसवा. रात्रीचा दिवस होतो!" आणि खरोखरच गाडीपुढचा रस्ता पांढराशुभ्र दिसू लागतो. मग तक्रार कुणाची? समोरून येणाऱ्याची!

त्याचे कारण असे. आपल्याकडे सर्रास दिसणारा एच-४ हॅलोजन बल्ब १९७१ सालचा. त्याच्या पोटात दोन तारा असतात : ५५ वॅटची जवळच्या प्रकाशाची, ६० वॅटची लांबच्या. जवळच्या तारेखाली पत्र्याची इवलीशी वाटी असते. ती नसती, तर प्रकाश खालच्या आरशावरून उलटून थेट समोरच्याच्या डोळ्यांत गेला असता. तो आरसाही तारेच्या नेमक्या जागेचा हिशेब धरूनच घडवलेला असतो.

एलईडीत तार नाही. चपट्या पट्टीच्या दोन अंगांना प्रकाशाचे ठिपके बसवलेले असतात. त्यांची जागा थोडी जरी चुकली, तरी आरशाचा हिशेब कोलमडतो. जवळचे खड्डे लख्ख दिसतात, त्या लखलखाटाला डोळे सरावतात, आणि दूरच्या वळणावरचा पादचारी मात्र अंधारातच राहतो. मूळचेच एलईडी दिवे असलेल्या गाड्यांची गोष्ट निराळी. त्यांचा आरसा त्याच बेताने केलेला असतो. जर्मनीत २०२० साली अशा बदली बल्बांना परवानगी मिळाली, तीदेखील तपासलेल्या ठराविक गाड्यांपुरतीच.

तेव्हा बल्बावर पैसे घालण्याआधी पिवळी पडलेली काच घासून घ्यावी, दिव्यांची उंची जुळवून घ्यावी आणि बल्बापर्यंत वीज पुरेशी पोचते की नाही, हे मेस्त्रीकडून पाहून घ्यावे. पुष्कळदा काम एवढ्यावरच भागते. बल्ब बदललाच असेल, तर गाडी भिंतीसमोर उभी करून जवळचा प्रकाश टाकावा. त्याची वरची कड रेखीव हवी, डावीकडे किंचित चढलेली. ती विस्कटलेली दिसली, तर जुना बल्ब खुशाल परत बसवावा.

ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी दोन सेकंदांत ३३ मीटर अंतर कापते. घाटात समोरच्या चालकाचे डोळे तेवढा वेळ दिपले, तर तेवढे अंतर तो आंधळ्यासारखा येणार. आणि येणार तो आपल्याच दिशेने!