कपाटातला बॅकअप

मागच्या महिन्यात एका शनिवारी सुट्टीची झोप मोडून मी एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेलो होतो. (नाव लिहीत नाही. अजून तिथे परत जायचंय!) आमच्या पणजोबांच्या मोडी कागदांचा एक रुमाल, म्हणजे फडक्यात बांधलेला गठ्ठा, आजोबांनी १९७४ साली तिथे दिला होता. घरी वाळवी खाईल, तिथे नीट राहील, हा साधा विचार. मला मोडी येत नाही, आत्ता कुठे क्लास लावलाय. म्हटलं, चार पानांचे फोटो काढू आणि घरी बसून अक्षरं लावत बसू.

फोटो काढता येणार नाहीत. का? नियम आहे. बरं, स्कॅन झालंय का? हो तर, २००९ मध्येच झालंय! मग ते दाखवता? नाही, ते जतनासाठी आहे. कुठे आहे? कपाटात, डीव्हीडीवर. शेवटची कधी लावून बघितली होती? यावर बाई प्रामाणिकपणे म्हणाल्या, "आता कॉम्प्युटरला तो ड्राइव्हच नाहीये हो."

मंडळी, तुम्ही माझ्यासारखेच सर्व्हर सांभाळून पोट भरत असाल तर तुम्हाला इथेच घाम फुटायला हवा. मूळ कागद ज्या खोलीत, त्याच खोलीतल्या कपाटात त्याची एकुलती एक कॉपी. तीही कुणी कधी उघडून न बघितलेली. ज्यातून कधी रिस्टोअर करून बघितलं नाही तो बॅकअपच नव्हे, हे आपण फ्रेशर पोरांना पहिल्या आठवड्यात शिकवतो की!

१८ एप्रिल २०२१, रविवार. टेबल माउंटनच्या उतारावरचा वणवा केपटाऊन विद्यापीठात शिरला आणि तिथल्या जॅगर ग्रंथालयाची रीडिंग रूम जळून गेली. आफ्रिकेविषयीच्या छापील संग्रहातल्या सुमारे ७० हजार गोष्टी गेल्या. चित्रपटांचा संग्रह गेला, आणि तो होता डीव्हीडीवर. तळघरातले कागद आगीच्या दारांनी वाचवले, पण आग विझवायचं पाणी तिथे साचलं. मग स्वयंसेवकांनी क्रेटच्या क्रेट हातोहात बाहेर काढले. त्याच विद्यापीठाकडे ब्लीक आणि लॉईड यांच्या वह्या आहेत. १८७० च्या दशकात या दोघांनी सान लोकांकडून ऐकून ऐकून त्यांची भाषा आणि गोष्टी त्यात उतरवून घेतल्या. त्यातली एक भाषा बोलणारं आज कुणीही उरलेलं नाही. या वह्या आगीतून वाचल्या, पण समजा वाचल्या नसत्या तरी? त्यांची पानं आगीच्या कित्येक वर्षं आधी इंटरनेटवर सगळ्यांसाठी ठेवलेली होती. जगात कुठेकुठे उतरवून घेतलेली असतील, देव जाणे. असा असतो बॅकअप!

आपल्याकडे जतन म्हणजे कुलूप. लोकांना दिलं तर गैरवापर होईल, उद्या कुणी छापून पैसे कमावेल... अहो, ज्यांच्या घरचे कागद त्यांचा पणतू काउंटरवर उभा आहे, त्याला तरी द्या! खाजगी पत्रं, जिवंत माणसांची नावं असलेले कागद जपून ठेवावेत, मान्य. पण सगळ्यालाच तो नियम?

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाकडे तीन हजारांवर भारतीय हस्तलिखितं आहेत. बरीचशी १९३० च्या दशकात नॉर्मन ब्राउन या प्राध्यापकाच्या देखरेखीखाली इथूनच विकत नेलेली. २०१५ पासून हे विद्यापीठ आपली हस्तलिखितं 'ओपेन' नावाच्या साईटवर टाकतंय. पूर्ण रिझोल्यूशनमध्ये, लॉगिन नाही, फी नाही, हवं तर अख्खा फोल्डर उतरवून घ्या. म्हणजे फिलाडेल्फियाला गेलेली पोथी मी पायजम्यात बसून बघतो आणि घरापासून वीस मिनिटांवर असलेला पणजोबांचा रुमाल मला बघता येत नाही. ती पोथी तिकडे गेली ते बरं झालं, असं मला मुळीच म्हणायचं नाहीये. तसं वाटायची वेळ येते, त्याचाच संताप येतो.

बाईंचा यात दोष नाही. अख्ख्या विभागात दोन माणसं, त्यातले एक निवृत्तीला आलेले. राग आहे तो वरच्यांवर. त्यांच्या अहवालात किती पानं स्कॅन झाली याचा आकडा असतो, किती जणांनी ती वाचली याला रकानाच नाही. आमच्या रुमालाची रजिस्टरमधली नोंद सांगू? "मोडी कागद, किरकोळ." बस्स! आत जमिनीचे दाखले आहेत, सावकारी हिशेब आहेत की पणजीला लिहिलेली पत्रं, कुणालाच माहीत नाही. पानं बाहेर टाकली असती तर नाशिकचा किंवा न्यू जर्सीचा एखादा मोडी जाणणारा पेन्शनर दुपारच्या चहाबरोबर वाचून यादी करून देता. फुकट! मोडी वाचणारी ही माणसं आज सत्तरीच्या पुढे आहेत. आमच्या क्लासचे सर ७८ वर्षांचे आहेत.

असो. अर्ज देऊन आलोय. वरच्या साहेबांची सही झाली की कळवतो म्हणाल्या. येत्या शनिवारी जुन्या बाजारातून घेतलेला यूएसबीचा डीव्हीडी ड्राइव्ह बरोबर नेणार आहे. फोटो नाही तर नाही, निदान ती डीव्हीडी चालते का ते तरी दोघं मिळून बघू.