मार्चमधली स्वस्ताई

अमेरिकेतल्या बेसबॉलचा हिवाळी बाजार रेंगाळला की क्लबांच्या बाजूने एक ठरलेला युक्तिवाद पुढे येतो. बाजार मंदावलेला नाही, शहाणा झालेला आहे, असे सांगतात. पूर्वी मालक तिशी गाठलेल्या खेळाडूंशी सात-सात, आठ-आठ वर्षांचे करार करत आणि निम्मी वर्षे कपाळाला हात लावून बसत. आता प्रत्येक क्लबच्या कचेरीत आकडेमोड करणारी तरुण मंडळी आहेत. ती म्हणतात, थांबा. नोव्हेंबरात वीस कोटी डॉलर मागणारा पिचर मार्चमध्ये सहा कोटींवर येतो आणि तोही दोनच वर्षांसाठी. तेव्हा जो थांबेल तो जिंकेल. खेळाडू घरी बसून राहिला तर तो दोष त्याच्या एजंटचा, म्हणजे बहुधा स्कॉट बोरासचा.

हा युक्तिवाद ऐकायला चोख वाटतो, पण तो खरा नाही. क्लबांच्या फायद्याच्या दृष्टीनेही खरा नाही, आणि मला मुख्यतः तेच दाखवायचे आहे. खेळाडूंच्या बाजूने रडणारे पुष्कळ आहेत. कोट्यधीशांसाठी आणखी एकाने अश्रू ढाळायची गरज नाही.

एजंटचा मुद्दा आधी निकालात काढू. बोरास अडून बसतो, यात शंका नाही. तो त्याचा धंदाच आहे. पण डिसेंबर २०१९ मध्ये सॅन डिएगोच्या हिवाळी बैठकीत याच बोरासने तीन दिवसांत स्टीव्हन स्ट्रासबर्ग, गेरिट कोल आणि अँथनी रेंडन यांचे मिळून ८१ कोटी डॉलरचे करार उरकले. हुआन सोटोचा मेट्सबरोबरचा ७६.५ कोटींचा करारही डिसेंबर २०२४ चा. एजंट तोच, स्वभाव तोच. एका हिवाळ्यात माल तीन दिवसांत खपतो आणि दुसऱ्यात मार्चपर्यंत पडून राहतो, तर कारण गिऱ्हाइकाकडे शोधायला हवे. बोरासला झोडपणे म्हणजे साप म्हणून भुई धोपटणे आहे.

गिऱ्हाईक का थांबते? त्याला शहाणपणाने नव्हे, नियमांनी थांबवले आहे. अमेरिकेत खेळाडूला सहा वर्षे मेजर लीगमध्ये काढल्याशिवाय आपला क्लब निवडता येत नाही. १९७५ च्या डिसेंबरात लवाद पीटर साइट्झ यांनी अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली यांच्या बाजूने निकाल दिला, तोपर्यंत तर खेळाडू आयुष्यभर क्लबच्याच दावणीला असे. आजचा खेळाडू मोकळा होतो तेव्हा साधारण तिशीच्या आसपास असतो, म्हणजे उतार सुरू व्हायच्या बेतात. त्याची ऐन उमेदीची वर्षे क्लबने किमान पगारात किंवा लवादाने ठरवलेल्या पगारात वापरून घेतलेली असतात. मग गणिती म्हणतो, म्हाताऱ्याला पैसे कशाला, पोरे स्वस्त पडतात. गणित बरोबर आहे. पण तो हिशेब बाजाराने घडवलेला नाही, मालक आणि खेळाडू-संघटना यांच्या सामूहिक करारातल्या एका कलमाने घडवलेला आहे.

त्यावर कर. पगारपटाची एकूण रक्कम ठरावीक आकड्यापुढे गेली की क्लबला दंड भरावा लागतो. २०१८ साली हा आकडा १९.७ कोटी डॉलर होता. यँकीज आणि डॉजर्स या दोन सगळ्यांत बड्या खरेदीदारांनी त्याच वर्षी रेषेखाली राहायचे ठरवले आणि ते राहिलेही. बाजारात येणारे दोन मोठे शेठ यंदा खिशात हात घालणार नाहीत म्हटल्यावर भाव कसा चढणार? शिवाय अ‍ॅस्ट्रोजने २०१३ मध्ये १११ सामने हरून २०१७ मध्ये विजेतेपद मिळवले, कब्जनेही तोच मार्ग थोडा लवकर पुरा केला. त्यामुळे हरणे हेसुद्धा धोरण असू शकते, हे साऱ्यांना पटले होते. हरायचे ठरवलेला क्लब महागडा खेळाडू कशाला घेईल? असे एक एक गिऱ्हाईक गळत गेले.

उरलेली कसर ‘क्वालिफाइंग ऑफर’ने भरून काढली. जुना क्लब एका वर्षाचा ठरीव पगार देऊ करतो. खेळाडूने तो नाकारला तर त्याला घेणाऱ्या नव्या क्लबला आपली नवोदितांच्या निवडीतली जागा गमवावी लागते. माइक मूस्टाकसने २०१७ मध्ये १.७४ कोटींची अशी ऑफर नाकारली. मार्चमध्ये तो त्याच कॅन्सस सिटीत ६५ लाखांवर परतला. अडला हरी, दुसरे काय! त्याच हिवाळ्यात खेळाडूंच्या संघटनेला फ्लोरिडात ब्रेडेंटनला बेकार खेळाडूंसाठी स्वतंत्र सराव शिबिर भरवावे लागले.

इथे एक कबुली न्यायाची आहे. १९८५ ते ८७ या काळात मालकांनी आपसात ठरवून एकमेकांच्या खेळाडूंवर बोली लावली नव्हती. आंद्रे डॉसनने शिकागो कब्जला कोरा करार सही करून दिला होता, आकडा तुम्ही भरा म्हणून. आणि त्याच वर्षी तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. लवादांनी मालकांना दोषी धरले आणि शेवटी २८ कोटी डॉलरची भरपाई द्यावी लागली. २०१८ मध्ये असे काही सिद्ध झालेले नाही आणि मी तसा आरोपही करत नाही. कट करायची गरजच उरली नव्हती. नियमांनीच सगळ्यांना एका ओळीत उभे केले होते आणि एकच सूत्र तीसही क्लबांच्या संगणकांत भरलेले होते.

आता मूळ मुद्दा: थांबून क्लबला खरोखर स्वस्त पडते का?

पिचरचे सराव शिबिर कसे चालते ते पाहिले की उत्तर निम्मे मिळते. फेब्रुवारीच्या मध्यात तो मैदानात उतरतो. आधी नुसता कॅचरकडे चेंडू टाकतो, मग आपल्याच बॅटरसमोर, मग सराव सामन्यात एक इनिंग. चार-पाच दिवसांची विश्रांती, मग दोन इनिंग. पुढच्या वेळी तीन. दर खेपेला पंधरा-वीस चेंडू वाढवत तो सहा आठवड्यांत नव्वद चेंडूंपर्यंत पोचतो आणि तेव्हा हंगाम सुरू होतो. मधल्या काळात कॅचरला त्याचा हात कळतो, प्रशिक्षकाला त्याच्या सवयी कळतात, वैद्यकीय पथकाला त्याचा खांदा कळतो. ही शिडी गाळता येत नाही. महाविद्यालयाच्या मैदानावर पोरांना चेंडू टाकून तिची भरपाई होत नाही; २०१८ आणि २०२४ मध्ये ते पुरेसे दिसले.

२०१८ मध्ये अ‍ॅलेक्स कॉबने ओरिओल्सशी २१ मार्चच्या सुमारास ५.७ कोटींचा करार केला. त्या हंगामात तो पाच जिंकला, पंधरा हरला. ग्रेग हॉलंडला सेंट लुइसने ३१ मार्चला १.४ कोटी देऊन आणले. दर नऊ इनिंगमागे दिलेल्या धावांची सरासरी, हा पिचरचा मुख्य ताळेबंद. हॉलंडची सरासरी तिथे ७.९२ गेली आणि ऑगस्ट उजाडताना त्याला सोडून दिले. मग वॉशिंग्टनने त्याला उचलले. तिथे सरासरी ०.८४! माणूस संपलेला नव्हता, त्याचा हात वेळेवर तयार नव्हता, असेच यातून दिसते. त्याच मार्चमध्ये मिनेसोटाने घेतलेला पिचर लान्स लिन, त्याची गतही वेगळी झाली नाही.

पण खरा धडा २०२४ चा. त्या मार्चमध्ये दोन डावखुरे पिचर उशिरा खपले आणि दोघांनी मिळून ‘स्वस्ताई’चे दोन्ही चेहरे दाखवले. ब्लेक स्नेल मागल्याच वर्षी सर्वोत्तम पिचरचे साय यंग पारितोषिक घेतलेला. सॅन फ्रान्सिस्को जायंट्सने त्याला १९ मार्चच्या सुमारास दोन वर्षांसाठी ६.२ कोटींत घेतले. पण पहिल्या वर्षानंतर बाहेर पडायचा हक्क त्याच्या हातात. पहिल्या सहा सामन्यांत त्याने एकही जिंकला नाही, सरासरी ९.५१. मधे दुखापती. मग जुलैपासून तो असा काही लागला की २ ऑगस्टला सिनसिनाटीला एकही हिट दिला नाही. तोवर जायंट्सचा हंगाम हातातून गेला होता. ८० जिंकले, ८२ हरले. आणि स्नेल? हक्क बजावून मोकळा झाला आणि नोव्हेंबरातच डॉजर्सकडे पाच वर्षांसाठी १८.२ कोटींवर गेला. डॉजर्स, म्हणजे जायंट्सचा शतकभराचा वैरी. स्नेलचे शिबिर जायंट्सने आपल्या पैशाने, आपल्या हंगामाची किंमत मोजून घडवले आणि तयार झालेला पिचर शेजाऱ्याने नेला.

दुसरा जॉर्डन माँटगोमेरी. अ‍ॅरिझोनाने त्याला हंगाम सुरू होता होता २.५ कोटींत घेतले. करारात अशी तरतूद की ठरावीक सामने सुरू केले तर पुढचे वर्षही त्याच्या मर्जीवर. त्याची सरासरी ६.२३ गेली, त्याला पिचरांच्या मुख्य फळीतून हटवले. पण सामन्यांची संख्या भरली होती, म्हणून २०२५ साठी २.२५ कोटी त्याने हक्काने घेतले. त्या वसंतात कोपराची शस्त्रक्रिया झाली आणि तो अ‍ॅरिझोनासाठी पुन्हा एकही चेंडू टाकू शकला नाही. क्लबचे मालक केन केंड्रिक यांनी हा निर्णय वाईट होता आणि दोष आपलाच, असे रेडिओवर उघड सांगितले. २०२४ मध्ये अ‍ॅरिझोनाने सगळ्या लीगमध्ये सर्वाधिक धावा काढल्या, ८९ सामने जिंकले. मेट्स आणि ब्रेव्हजचेही ८९ होते. बरोबरीच्या नियमात अ‍ॅरिझोना बाहेर पडले. एक सामना कमी पडला.

छोटा करार म्हणजे छोटा धोका, हे क्लबवाले घोकतात. उशिराच्या छोट्या कराराचा खरा अर्थ या दोघांनी दाखवला: पिचर चमकला तर निघून जातो, खचला तर गळ्यात राहतो. मोठ्या करारात निदान चांगली वर्षे तरी क्लबच्या पदरात पडतात.

यावर उलट उदाहरणे देणारे असतात आणि ती द्यावीत. जे. डी. मार्टिनेझने २०१८ च्या फेब्रुवारीत रेड सॉक्सशी ११ कोटींचा करार केला, ४३ होमरन मारले आणि क्लब विजेता झाला. नेल्सन क्रूझ २०१४ मध्ये ओरिओल्सकडे फेब्रुवारीअखेर ८० लाखांत गेला आणि ४० होमरन मारून सगळ्यांच्या पुढे राहिला. डॅलस कायकल २०१९ मध्ये थेट जूनमध्ये ब्रेव्हजकडे आला आणि ठीकठाक खेळला. उलट, तीन दिवसांत घाईने घेतलेल्या स्ट्रासबर्गने त्या कराराखाली आठच सामने सुरू केले आणि रेंडन दुखापतींतून वर आलाच नाही. हे सारे खरे. पण मार्टिनेझ आणि क्रूझ बॅटर आहेत आणि दोघेही शिबिराला पोचले होते. बॅटरला दोन-तीन आठवडे पुरतात, पिचरला पुरत नाहीत. कायकल अपवाद आहे. त्याच आठवड्यात कब्जकडे आलेल्या क्रेग किंब्रेलची सरासरी ६.५३ गेली. स्ट्रासबर्गचा हात डिसेंबरात सही केल्यामुळे मोडला नाही; त्याच्या कराराची लांबी चुकली, तारीख नव्हे. घाईने घेणे आणि लांब घेणे, या दोन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरून हा युक्तिवाद जिंकला जातो.

आणि उशिराच्या सहीची किंमत आधीच घरात असलेला माणूसही मोजतो. जायंट्सने मॅट चॅपमनला मार्चच्या आरंभी घेतले. त्या जागेवर जे. डी. डेव्हिस होता, तो लवादासमोर जिंकून ६९ लाखांचा पगार मिळवून बसला होता. चॅपमन आल्यावर काही दिवसांतच त्याला काढले आणि नियमानुसार सुमारे ११ लाखांवर बोळवण केली. हंगाम तोंडावर आलेला, इतर क्लबांच्या जागा भरलेल्या. तो ओकलंडकडे २५ लाखांवर गेला. नोव्हेंबरात हेच झाले असते तर क्लबने त्याची अदलाबदल करून काहीतरी पदरात पाडले असते.

मग उपाय? कमिशनर रॉब मॅनफ्रेड यांचे म्हणणे, डिसेंबरात दोन आठवड्यांची मुदत घाला. आपल्याकडच्या वाचकाला हे आयपीएलच्या लिलावामुळे पटकन पटेल: दोन दिवसांत हातोडा पडतो, विषय संपतो. पण आयपीएलमध्ये पैशाच्या थैलीला जशी वरची मर्यादा असते तशी किमान खर्चाची अटही असते. अमेरिकी बास्केटबॉलमध्ये सहीची अंतिम मुदतच नाही, तरी बाजार उघडल्या रात्री मोठे करार होतात, कारण तिथेही पगारपटाला वरची आणि खालची, दोन्ही रेषा आहेत आणि पैसे राखून ठेवण्यात फायदा नाही. बेसबॉलमध्ये खालची रेषा नाही. तिथे मुदत घातली तर ‘अडला हरी’चा दिवस मार्चवरून डिसेंबरात येईल, एवढेच. दुखणे म्हशीला आणि औषध पखालीला.

मालकांनी २०२१ मध्ये किमान दहा कोटींच्या पगारपटाचा प्रस्ताव दिला होता, पण त्याच दमात कराची रेषा १८ कोटींपर्यंत खाली ओढून. संघटनेने तो नाकारला, ते ठीकच केले. क्वालिफाइंग ऑफर मात्र संघटनेच्या हातून निसटली. २०२२ मध्ये मालक ती रद्द करायला तयार होते, परदेशी नवोदितांच्या निवडीच्या बदल्यात. संघटनेने तो सौदा मोडला आणि ऑफर कायम राहिली. त्या सौद्याची दुसरी बाजूही गंभीर होती, हे मान्य. तरीही सगळ्यांत आधी जायला हवे ते हेच कलम. खेळाडू घेणाऱ्यालाच दंड करणारा बाजार चटकन चालेल, अशी अपेक्षा कुणी करू नये. त्यासोबत सहाऐवजी पाच वर्षांत मोकळीक दिली तर तिशीच्या आतला खेळाडू बाजारात येईल आणि गणितींच्याच सूत्रात त्याची किंमत डिसेंबरात बसेल. त्यांना थांबायला सांगणारा आकडाच उरणार नाही.

सध्याचा सामूहिक करार १ डिसेंबर २०२६ पर्यंतचा आहे. नव्या करारात मुदतीवर भांडून वेळ दवडू नये. ऑफरचे कलम आणि सहा वर्षांची अट या दोनच गोष्टी मागाव्यात, आणि त्या संघटनेआधी क्लबांच्या जनरल मॅनेजरांनीच मागाव्यात. उशिराचा पिचर किती महाग पडतो, ते अ‍ॅरिझोनाच्या मालकाला विचारून घ्यावे.