एका प्याद्याची गोष्ट

बुद्धिबळ खेळणे वेगळे आणि बुद्धिबळाचे कूट रचणे वेगळे. खेळात समोरचा चुकला की आपले भागते. कुटात काळ्याने उत्तमात उत्तम बचाव केला, तरी ठरल्या खेळ्यांत पांढऱ्याची मात व्हावी लागते. आणि तीही एकाच पहिल्या खेळीने. दुसरी सापडली की कूट बाद! ती पहिली खेळी शह देणारी किंवा मोहरा मारणारी असली, तर जाणकार नाक मुरडतात. बिनकामाचे प्यादे तर वृत्त भरण्यासाठी घातलेल्या 'हो', 'रे'सारखे खुपते.

या शास्त्रात आपल्या देशाचेही नाव आहे बरे का! १८४५ साली लंडनच्या एका बुद्धिबळ मासिकात 'शागीर्द' या सहीने चार खेळ्यांचे एक कूट आले. कर्ते होते दिल्लीतले पाद्री लव्हडे. त्यात पांढरा उंट एक घर ओलांडून पलीकडे जाऊन बसतो, मग हत्ती नेमका त्याच घरात येऊन आपल्याच उंटाची वाट अडवतो! का? तर काळ्याला हलायला जागाच उरली नाही, तर डाव बरोबरीत जाईल. राजा नाइलाजाने पुढे येतो, हत्ती सरकतो, उंटाचा शह उघडतो आणि मात. आजच्या कडक कसोटीला ती रचना पुरती उतरत नाही, पण त्या कल्पनेला जग अजून 'भारतीय' म्हणते.

हे सारे ठाऊक असून मी गेल्या मे महिन्यात दोन खेळ्यांचे एक कूट रचले. तीन आठवडे खपलो. भाच्याने पाच मिनिटे पाहिले आणि म्हणाला, "मामा, कडेच्या घरातून घोड्याचा शह दिला तरी मात होतेय."

झोप उडाली. ते घर राखायला एक काळे प्यादे ठेवावे, तर त्याला दुसरे काहीच काम नाही. सगळी मांडणी एक घर उजवीकडे सरकवली, तर ते घर पटाबाहेर जाते, प्यादे वाचते. पण राजाची एक पळवाटही जाते, आणि त्या पळवाटेवरची मात हीच तर माझी सारी कमाई! दोन रात्री पट इकडून तिकडे सरकवला. सौभाग्यवतींनी मुकाट्याने दिवा मालवला.

शेवटी प्यादे ठेवले. भाचा घरी आला की अजून पटाजवळ जातो, त्या प्याद्यावर बोट टेकवतो आणि माझ्याकडे बघतो.